लेहरा कोणी धरायचा? कर्ष काळे, ब्रेकबीट आणि ड्रमवाल्याचा हात

(रावेर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजच्या विषयात एक फिनलंडचा माणूस आहे आणि एक अमेरिकेत वाढलेला मराठी माणूस आहे. या दोघांच्या मागे एक ड्रमवाला आहे, ज्याला या सगळ्याचा एक पैसा मिळाला नाही. सुरुवात त्याच्यापासूनच करू, म्हणजे बाकीचे दोघं समजायला सोपे जातील.

'ब्रेक' म्हणजे काय? तमाशात लावणी रंगात आलेली असते. गाणारी एका ओळीवर थांबते आणि ढोलकीवाला एकटा सुटतो. दोन-चार आवर्तनं तो काय वाजवायचं ते वाजवून घेतो, मग गाणं परत येतं. शिट्ट्या कुठे पडतात? तिथेच. ठुमरीच्या शेवटी तबल्यावर लग्गी लागते, ती याच घरची. अमेरिकेतल्या फंक आणि सोल गाण्यांमध्येही अशी जागा असते. सगळे थांबतात, ड्रम एकटा वाजतो. तो ब्रेक.

१९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क नावाच्या पोराने घरगुती पार्टीत रेकॉर्डी लावल्या. त्याच्या लक्षात आलं होतं की नाचणारे खरे पेटतात ते या ब्रेकवर, आणि ब्रेक तर चार-पाच सेकंदांत संपतो. त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी-शेजारी ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. हिप-हॉपचा जन्म लोक या युक्तीपासून मोजतात. आपल्याकडे लोक 'वन्स मोअर' ओरडायचे. हर्कने ओरडायची वाट पाहिली नाही. (हशा)

आता आपला ड्रमवाला. १९६९ साली वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' या बँडची एक रेकॉर्ड आली. पुढच्या बाजूचं गाणं गाजलं. मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाची एक वाद्यरचना होती, जागा भरायला टाकतात तशी. तिच्यात ग्रेगरी कोलमन चार बार एकटा वाजवतो. सहा-सात सेकंद. हा तुकडा पुढे हिप-हॉपवाल्यांनी उचलला आणि नव्वदीच्या आसपास इंग्लंडमधल्या पोरांनी तो वेगाने पळवला. मिनिटाला १३५ च्या आसपास ठोके होते, ते १६० च्या पुढे नेले. त्यातून जंगल आणि ड्रम अँड बेस ही सगळी शाखा निघाली. हजारो गाण्यांत हा एकच माणूस वाजवतोय. कोलमन २००६ मध्ये अटलांटात हलाखीत गेला. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या काही चाहत्यांनी वर्गणी काढली, साधारण २४ हजार पौंड जमले. ते बँडचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सरच्या हातात पडले. वाजवणारा तोवर नव्हताच.

प्रश्न असा येतो की यंत्रावर ठोके बनवता येत असताना या सहा सेकंदांच्या मागे लोक एवढे का लागले? कारण यंत्राचे ठोके पट्टीने आखल्यासारखे पडतात. कोलमनचे तसे पडत नाहीत. दोन मोठ्या ठोक्यांच्या मध्ये तो काठीने अगदी हलकं टिपतो, आणि चौथ्या बारात आघात जिथे अपेक्षित असतो तिथून जरा सरकवतो. कान दचकतो. तबलजी ठेका धरतानाही नुसते बोल मोजून वाजवत नाही, मधल्या रिकाम्या जागेत बोटाने काहीतरी कुजबुजत राहतो. ती कुजबुज म्हणजे हात. आणि ब्रेकबीटचं सगळं प्रेम या हातावरचं आहे.

आता फिनलंड. हेलसिंकीचा यान्ने हातुला 'फानू' या नावाने ड्रम अँड बेस बनवतो. ब्रेकबीटला वाहिलेला माणूस. बहुतेक निर्माते ब्रेक घेतात आणि गाणंभर तोच फिरवत ठेवतात. हा ब्रेकचे तुकडे करतो, मोठा ठोका वेगळा, झांज वेगळी, ती हलकी टिपणी वेगळी, आणि मग बार-बार नव्याने जुळवतो. ऐकताना वाटतं की कुणी ड्रमवाला समोर बसून विचार करत वाजवतोय. तो ड्रमवाला प्रत्यक्षात कुठेच नसतो. माझ्या मते हे फार कष्टाचं आणि प्रामाणिक काम आहे, पण त्याला एक मर्यादा आहे. हात दुसऱ्याचा आहे आणि जुना आहे. त्याने जे वाजवलं तेवढंच तुमच्याकडे. तो आता नवीन काही वाजवणार नाही.

कर्ष काळे या मर्यादेच्या पलीकडे जायला बघतो, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो. पूर्ण नाव उत्कर्ष. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्म, वाढला न्यूयॉर्कच्या बाजूला, घर मराठी. इंग्रजी स्पेलिंग बघून लोक 'केल' म्हणतात, आपण तरी काळे म्हणू या. तो ड्रमही वाजवतो आणि तबलाही. तबल्याचा आवाज विजेच्या यंत्रांतून काढून त्याने जो 'इलेक्ट्रिक तबला' केला, त्यावर त्याची ओळख झाली. लंडनमध्ये तेव्हा तलविन सिंगने तबला आणि ड्रम अँड बेस एकत्र आणून १९९९ चं मर्क्युरी पारितोषिक मिळवलं होतं, म्हणजे वारं होतंच. काळेचा पहिला अल्बम 'रियलाईज' २००१ मध्ये आला.

या अल्बमबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. शास्त्रीयवाले म्हणतात, तबल्याची विटंबना. क्लबवाले म्हणतात, वा, काय फ्युजन. मला दोन्ही आळशी वाटतात. विचारायचा प्रश्न एकच आहे. लेहरा कोणी धरलाय?

तबल्याचं एकल वादन आठवा. बाजूला पेटी किंवा सारंगी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवते, तो लेहरा. लेहरा हलत नाही म्हणून तबलजीला हलता येतं. तो कितीही लांब जाऊ दे, समेवर परत येतो आणि आपण 'क्या बात है' म्हणतो. नाचाच्या संगीतात हे नेमकं उलटं असतं. तिथे ठेका हलत नाही, बाकी सगळं त्याच्यावर येतं-जातं. तेव्हा तबला आणि ब्रेकबीट एकत्र आणले की आधी ठरवावं लागतं, कोण थांबणार आणि कोण फिरणार.

काळेच्या चांगल्या जागांमध्ये बेस आणि यंत्राचा ठोका लेहरा धरतात आणि तबला मोकळा होतो. तो तिथे कोलमनचं काम करतो, ठोके सरकवतो, कुजबुजतो. फरक एवढाच की हा हात जिवंत आहे, त्याला पुढच्या आवर्तनात वेगळं काही सुचू शकतं. कमकुवत जागांमध्ये तबल्याचीच पट्टी कापून खाली अंथरलेली असते आणि वर सिंथेसायझरचं धुकं, कुठूनतरी एक आलाप. ऐकायला गोड लागतं. हॉटेलच्या लॉबीत चालतं. पण तिथे तबला म्हणजे भिंतीवरची वारली झालाय, जेवायला आलेल्यांना बरं वाटावं म्हणून काढलेली. 'लिबरेशन'मध्ये, २००३ साली, तंतुवाद्यांचा ताफा आला तेव्हा हे धुकं आणखी दाटलं. २००६ च्या 'ब्रोकन इंग्लिश'मध्ये तो गाण्यांकडे वळला. गाणी वाईट नाहीत, पण तबल्याची बोटं शोधावी लागतात.

त्याचं मला सगळ्यात आवडणारं काम त्याच्या एकट्याच्या नावावर नाही. अमेरिकन बेसवादक आणि निर्माता बिल लास्वेलने 'तबला बीट सायन्स' नावाचा गट जमवला. २००० मध्ये 'ताल मॅट्रिक्स' निघाला, त्यात झाकीर हुसेन, त्रिलोक गुर्टू, तलविन सिंग आणि काळे. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टर्न ग्रोव्ह बागेतल्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण २००२ मध्ये आलं. तिथे तबल्यावर झाकीरभाई आणि सारंगीवर उस्ताद सुलतान खाँ. काळे कुठे बसला? ड्रमवर. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आता लेहऱ्याचा प्रश्नच सुटला. सारंगी तर पिढ्यान्‌पिढ्या ते काम करत आलेली, खाली लास्वेलचा बेस जमिनीसारखा, आणि मध्ये ड्रम आणि तबला, दोन जिवंत हात, एकमेकांना ऐकत. गंमत बघा, याच लास्वेलने २००८ मध्ये आपल्या फानूबरोबरही एक अल्बम केला, 'लॉज' नावाचा. एकाच बेसवर एकदा काळेचे हात येतात आणि एकदा फानूने कापून जोडलेले. दोन्ही लागोपाठ ऐकले तर मी एवढा वेळ जे बोलतोय ते पाच मिनिटांत कळेल.

आता इथलं. या सभागृहात लग्नात डीजे लावणारे किमान पाच-सहा जण बसलेत, मला माहीत आहे. (हशा) वरातीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांबद्दल इतर लोक इतरत्र बोलतील, आवाज हा माझा विषय नाही. माझी तक्रार ठोक्याची आहे. अहिराणी गाणं असो, हिंदी असो, खाली तोच तयार पॅकेटातला 'ढोल' टाकलेला असतो, पट्टीने आखलेला. आणि इथून पालच्या बाजूला वर चढलं की सातपुडा. होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजारात पावरा मंडळींचे ढोल वाजतात. दहा ढोल एकत्र, आणि दहा थापा अगदी एका क्षणी कधीच पडत नाहीत, एकीला दुसरी किंचित घासून जाते. त्या घासण्यावर माणूस नाचतो. तुमच्यातल्या काहींच्या मोबाईलमध्ये ते रेकॉर्डिंग असेलही. कापा, खुशाल कापा, फानू तेच करतो. पण फाईलला नाव देताना 'आदिवासी ढोल एक', 'आदिवासी ढोल दोन' असं देऊ नका. गाव लिहा, वाजवणाऱ्याला विचारून त्याचं नाव लिहा, आणि गाणं चाललं तर त्याला त्याचा हिस्सा द्या. कोलमनच्या वेळी हे कुणी केलं नाही. रेकॉर्डवर बँडचं नाव होतं, तेवढ्यावर भागलं.

आणि त्याच्याही पुढे, एकदा लॅपटॉपवर नुसता बेसचा लेहरा ठेवा आणि ढोलवाल्याला समोर बोलवा. बघा काय होतं. बिघडेल कदाचित. पहिल्या दिवशी तर नक्की बिघडेल, कारण यंत्र त्याची वाट पाहत नाही आणि तो यंत्राची पाहणार नाही. काळेला यातून मार्ग काढायला काही वर्षं आणि चांगली सोबत लागली.

वेळ होत आलीय. दोन तुकडे ऐकवतो. आधी कोलमनचे ते चार बार, मूळ वेगात. मग स्टर्न ग्रोव्हमधली दोन मिनिटं. दुसऱ्यात तबल्याकडे लगेच जाऊ नका, आधी बेस कुठे परत येतो ते बोटांवर मोजा. साउंडवाले दादा, बेस थोडा वाढवा. हां. लावा.