खाणीतला पंथ : एका विज्ञानकल्पनेचा विचार

ब्रिटनमध्ये १९८७ साली निघालेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या युद्धखेळाभोवती कथावाङ्मयाचा मोठा पसारा उभा राहिला आहे. त्यात एक कल्पना वारंवार येते : युद्धग्रस्त ग्रहावर ‘जीनस्टीलर’ नावाचा परका जीव खाणकामगारांत गुप्त पंथ रुजवितो, कामगार पिढ्यान्‌पिढ्या आकाशातून येणाऱ्या त्रात्याची वाट पाहतात आणि अखेर तो त्राताच त्यांना गिळतो. हा शोकान्त उपरोध प्रभावी आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु कामगारांचा असंतोष येथे बाहेरून लागलेला रोग ठरतो, हा या कल्पनेचा मूलभूत दोष होय. वेल्सने ‘द टाइम मशीन’मध्ये (१८९५) भूगर्भातील मॉर्लॉक भयानकच रंगविले, पण त्यांच्या विकृतीचे मूळ त्याने समाजाच्या वर्गभेदात दाखविले.

शिवाय श्रद्धेला व असंतोषाला अंधारच लागतो, असेही नाही. डिचोली तालुक्यात लोहखाणींनी वेढलेल्या शिरगावी लईराईचे धोंड अग्निदिव्य करतात ते सर्वांसमक्ष. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा खाणींवर जगणारे लोक पणजीच्या रस्त्यावर उतरले. येथे श्रद्धाही उघड आणि संतापही उघड. खाणकामगाराचे मन शोधू पाहणाऱ्या लेखकाने परग्रहाकडे वळण्यापूर्वी त्याची चूल कशावर पेटते, हे पाहावे.