लालपरीची आभासी प्रतिकृती : विक्री की मुक्त वाटप?

भ्रमणध्वनीवरील खेळ हा विषय मराठी समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येतो. गुलमंडीच्या गर्दीत एखाद्या तरुणाच्या हातातील पडद्यावर एसटीची लाल गाडी धावताना दिसली, तर आपण ती निव्वळ करमणूक समजून पुढे जातो. वस्तुतः ती गाडी मूळ खेळात नाहीच. इंडोनेशियातील मालेओ या संस्थेने २०१७ मध्ये ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा खेळ प्रसिद्ध केला. गाडीची रंगसंगती, आणि पुढे वाहनाची त्रिमिती प्रतिकृतीही, खेळाडूस स्वतः घालता येऊ लागली. या मुभेतून लालपरी, शिवशाही यांची रूपे घडली. अशा भरीस खेळाडू ‘मॉड’ म्हणतात. ती विकावी की सर्वांस मोफत द्यावी, या वादाचा विचार येथे करावयाचा आहे.

विक्रीच्या बाजूचा युक्तिवाद श्रमाचा आहे व तो हलका लेखता येत नाही. खिडक्यांची ओळ, मागील शिडी, देवनागरी मार्गफलक हे सारे नजरेने मोजून उभे करावे लागते. फलकावरील एखादे जोडाक्षर फुटले तरी जाणकार खेळाडू नाक मुरडतो. असे काम दुसरा कुणी कर्त्याचे नाव खोडून स्वतःच्या नावावर खपवितो, तेव्हा ‘मोफत वाटा’ हा उपदेश कर्त्यास क्रूर वाटल्यास नवल नाही.

परंतु श्रम हे मालकीचे पुरेसे प्रमाण आहे काय? दाखला आपल्याच शहरातील आहे. चिकलठाण्याच्या एसटी कार्यशाळेत बाहेरून आलेल्या चॅसीवर गाडीची बांधणी होत आली आहे. बांधणाऱ्या कामगारास वेतन मिळते, गाडी मात्र महामंडळाची राहते. मॉडकर्त्याची चॅसीही परकीच होय. खेळ मालेओचा आणि रूप एसटीचे, म्हणजे १९४८ पासून प्रवाशांच्या तिकिटांवर चालत आलेल्या सार्वजनिक सेवेचे. कर्त्याचे स्वतःचे ते जोडकाम. त्याचा मेहनताना मागणे रास्त. अख्ख्या गाडीची किंमत मागणे रास्त नव्हे.

एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व्ह व बेथेस्डा यांनी ‘स्कायरिम’ या खेळासाठी मॉडविक्री सुरू केली. कर्त्यास २५ टक्के, उरलेले ७५ टक्के दोन्ही कंपन्यांकडे, अशी वाटणी होती. तीव्र विरोधामुळे काही दिवसांतच ती योजना मागे घ्यावी लागली. मोफतवादी हा प्रसंग पैशाविरुद्धचा कौल म्हणून सांगतात. मला ते अर्धेच खरे वाटते. एका मॉडमध्ये दुसऱ्याचे तुकडे सर्रास वापरलेले असतात. विक्री सुरू होताच कोणाचा तुकडा कोणी विकला, असा प्रश्न उभा राहिला आणि उसनवारीवर चाललेला मोकळा व्यवहार संशयाने ग्रासला. खरी हानी ही होती.

मोफत म्हणविणारी वाटपेही निर्मळ नसतात. जाहिरातींच्या पाच दारांतून फिरविणारा दुवा, चित्रफितीच्या अखेरीस दडविलेला परवलीचा शब्द, ही विक्रीच आहे. फक्त दर सांगितलेला नाही. गुलमंडीतील दुकानदार निदान भाव तोंडावर सांगतो, आणि घासाघीसही करू देतो!

त्रिमिती प्रतिकृती घडविण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘ब्लेंडर’ या आज्ञावलीचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. २००२ मध्ये तिच्या वापरकर्त्यांनी व चाहत्यांनी १ लाख युरो वर्गणी जमविली. मूळ हक्कधारकांस ती रक्कम मिळाली आणि संहिता कायमची खुली झाली. वर्गणी ही रीत तर मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेली आहे. ज्या गटास आपल्या आगाराची गाडी हवी, त्याने वर्गणीतून कर्त्यास आगाऊ मेहनताना द्यावा. कर्त्याने मूळ खेळाच्या अटी पाळून प्रतिकृती आपल्या नावानिशी खुली सोडावी. वर्गणी न देणारेही ती गाडी चालवितील, हा आक्षेप खराच आहे. परंतु कुलूप फोडून ते आजही ती चालवितातच, आणि तेव्हा तिच्यावर कर्त्याचे नाव नसते.