भयाचा पत्ता : भयकथेच्या शिफारशीमागील निकष

मराठी समीक्षेने साहित्यकृतींचे अर्थ लावले, मूल्यमापन केले, परंपरेतील त्यांची स्थाने ठरवली. ‘हे वाचा’ असे सांगण्याचे काम मात्र तिने आपले मानले नाही. भयकथा आणि रहस्यकथा यांच्याबाबतीत हे काम कित्येक दशके खासगी वाचनालयाच्या टेबलामागे बसणाऱ्या माणसाने केले. ‘धारप आवडले ना, मग मतकरी न्या’ हे त्याचे ठरलेले वाक्य. या वाक्यात एक समीक्षाविधान दडलेले आहे आणि ते तपासण्याजोगे आहे. कारण ते अर्धेच खरे आहे.

या गोंधळाला समीक्षाही जबाबदार आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी करताना ‘यमुनापर्यटन’ आणि ‘मोचनगड’ यांच्याबरोबर ‘मुक्तामाला’ ही रंजनपर प्रवृत्ती कल्पिली. मांडणी उपयुक्त होती. पण पुढच्या अभ्यासकांच्या हाती तिसऱ्या प्रवृत्तीचे एक गाठोडेच झाले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या १८६१च्या कादंबरीपासून बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांपर्यंत आणि तेथून नारायण धारपांपर्यंत सारे त्यात बांधले गेले. गाठोडे बांधल्यावर आत काय आहे हे कोणी सहसा पाहत नाही.

ते सोडून पाहायचे, तर ‘कथा किती घाबरवते’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. भयाचा पत्ता कोणता, हा प्रश्न अधिक कामाचा आहे. भरताने भयानक रसाच्या विभावांत ओसाड घर आणि अरण्य यांचा समावेश केला, तेव्हा त्याने एका अर्थी हा पत्ताच नोंदवला होता. लोकपरंपरेने तो आणखी नेमका केला. मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्यात. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, ब्रह्मसमंधाला मृत्यूनंतरही जात सुटत नाही. मराठी भुताला स्थळ, जात आणि लिंग असते. जिवंतपणी ज्याच्या वाट्याला न्याय आला नाही त्याची नोंद या भूतसृष्टीत सापडते. समाजशास्त्राचे अभ्यासक अद्याप तिकडे पुरेशा गांभीर्याने वळलेले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

धारपांच्या (१९२५–२००८) ‘समर्थ’ कथांत भय बाहेरून येते. अनिष्ट शक्ती मानवी जगाची सीमा ओलांडते, साधनेच्या बळावर समर्थ तिला परतवतात आणि घडी पुन्हा बसते. हा रूपबंध रहस्यकथेचाच आहे. गुन्ह्याच्या जागी अमंगल आणि डिटेक्टिव्हच्या जागी साधक, एवढाच फरक. म्हणून अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ किंवा ‘काळापहाड’च्या वाचकाला पुढचे पुस्तक म्हणून समर्थकथा द्यावी; तो निराश होणार नाही. सुहास शिरवळकरांच्या फिरोज इराणीचा वाचकही या वाटेने जाऊ शकेल.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथेत मात्र घडी बसत नाही. तेथे भयाचा पत्ता मध्यमवर्गीय मनाचा आहे: अपराधभाव, मत्सर, दडपलेली वासना. घडले ते खरोखर घडले की पात्राच्या मनाने रचले, हा संशय कथा संपल्यावरही उरतो. तोदोरोव्हने अद्भुताचे लक्षण म्हणून जी दोलायमानता सांगितली, तिचा मराठीतील वस्तुपाठ ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ यांसारख्या संग्रहांत मिळतो. ‘लोककथा ७८’च्या नाटककाराचा गौरव करणाऱ्या समीक्षेने त्याच्या गूढकथेला फावल्या वेळचा उद्योग समजावे, हे आश्चर्यकारक आहे. समर्थकथांवर पोसलेल्या वाचकाला मतकरी दिले, तर तो शेवटाची वाट पाहत राहतो आणि पुस्तक अर्धवट परत करतो.

पण धारप समर्थकथांत संपत नाहीत, आणि येथेच शिफारशीचा अवघड प्रश्न उभा राहतो. ‘लुचाई’, ‘शपथ’ आणि ‘आजी’ यांचा स्टीफन किंगशी असलेला संबंध आता उघड आहे. ‘आजी’मागे किंगची ‘ग्रामा’ ही १९८४ची कथा आहे. मग इंग्रजी वाचू शकणाऱ्याला मूळ कथाच का सांगू नये? मौलिकतेचा निकष लावला तर या प्रश्नाला उत्तर नाही. पत्त्याचा निकष लावला तर आहे. अंथरुणाला खिळलेली म्हातारी आणि तिच्यासोबत घरात एकटा राहिलेला नातू, ही परिस्थिती दोन्ही भाषांत सारखीच. परंतु मराठी घरात आजी ही गोष्ट सांगणारी, दृष्ट काढणारी, भीती घालवणारी व्यक्ती असते; तिने हाक मारली की जवळ जायचे, हा संस्कार असतो. जी भीती घालवते तिचीच भीती वाटणे हा अनुभव ‘आजी’ या एका शब्दामुळे मराठीत अधिक खोल जातो. ऋणाचा उल्लेख पुस्तकावर ठळकपणे हवा, यात शंका नाही. ऋण आहे म्हणून कृती बाद होत नाही. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाने त्या आजीला कोकणातल्या वाड्यात नेले, शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीची आठवण देणारे घेतले, आणि किंगपासून सुरू झालेला हा प्रवास कोणाला परका वाटला नाही.

चित्रकथांकडे वळताना वेताळाचे उदाहरण बोलके आहे. कोकण-गोव्यात वेताळ हा गावाची राखण करणारा देव. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या ‘वेताळपंचविशी’त आणि पुढे ‘चांदोबा’त तो प्रेतातून बोलणारा, राजाला कोड्यात पाडणारा कथक झाला. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने ‘फँटम’ला मराठीत वेताळ म्हटले आणि ते नाव आफ्रिकेच्या जंगलातील बुरखाधारी गोऱ्या माणसाला मिळाले. राखणदार हा धागा तेवढा टिकला, गाव गेले. ‘चांदोबा’तील शंकर यांची चित्रे, खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेऊन चाललेला विक्रम, आजही प्रौढ वाचकाला देण्यासारखी आहेत. इंद्रजाल मात्र स्मरणरंजनासाठी वाचावे. १९९० साली ते बंद पडले तेव्हा मराठी भयचित्रकथेची स्वतंत्र परंपरा मागे उरली नाही.

नवी मुंबईसारख्या शहरात वाढलेल्या वाचकाचा विचार केला, की हा सारा प्रश्न तातडीचा होतो. सिडकोने १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसवले. सेक्टरला क्रमांक आहे, इमारतीला क्रमांक आहे. ओसाड वाडा नाही. हा वाचक किंग इंग्रजीत वाचतो आणि मराठीत भय म्हणजे वाडा, पिंपळ आणि उसनवारी असे गृहीत धरतो. आगरी-कोळ्यांच्या मिठागरांवर आणि खाडीकाठावर राहणाऱ्या भुतांचे शहर वसल्यावर काय झाले, हे सांगणारी कथा त्याला अजून मिळायची आहे. तोवर त्याच्या हाती प्रथम मतकरी द्यावेत, कारण त्यांची भीती फ्लॅटमध्येही नांदते. मग ‘आजी’, आणि तीही किंगच्या कथेशेजारी ठेवून. त्यानंतर हृषीकेश गुप्ते यांची ‘दंशकाल’, जिच्यात भय कुटुंबाच्या दीर्घ कहाणीत मुरलेले आहे. समर्थकथा त्याने सावकाश, रहस्यकथेच्या फळीवरून उचलाव्यात.