स्क्रूजच्या तोंडी गाणे

चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही छोटेखानी कादंबरी १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, तिच्या पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत खपल्या आणि दोन महिने उलटायच्या आत तिथल्या नाट्यगृहांनी तिचे प्रयोगही लावले. तेव्हापासून तिच्या रूपांतरांचा ओघ थांबलेला नाही. एबेनेझर स्क्रूज हा कंजूष व्यापारी, त्याचा सात वर्षांपूर्वी मेलेला भागीदार जेकब मार्ली, मार्लीच्या पिशाच्चाने दिलेला इशारा, मग गत, वर्तमान आणि येणाऱ्या नाताळचे एकामागून एक येणारे तीन आत्मे आणि सकाळपर्यंत पालटलेला स्क्रूज, हा सांगाडा मूकपटापासून संगणकचित्रांपर्यंत जवळजवळ प्रत्येक माध्यमाने वापरून पाहिला आहे. या पसाऱ्यातला एक लहान पण सलग प्रवाह सचेतन संगीतिकांचा, म्हणजे ज्यांतली पात्रे रेखाटलेली किंवा संगणकावर घडवलेली असतात आणि कथानकाचा काही भाग गाण्यांतून पुढे सरकतो अशा चित्रपटांचा आहे. साठ वर्षांत या प्रकारात लोकप्रिय कृती बऱ्याच झाल्या, परंतु कलाप्रकार म्हणून तो फारसा पुढे गेलेला दिसत नाही, आणि त्याचे कारण गाण्यांच्या दर्जापेक्षा त्यांच्या उगमात शोधावे लागते: त्यांतली महत्त्वाची गाणी बहुतांशी रेखाचित्रांसाठी लिहिलेलीच नव्हती.

मूळ पुस्तकात संगीताला तोटा नाही. डिकन्सने आपल्या पाच प्रकरणांना गीताच्या कडव्यांचे नाव दिले. स्क्रूजचा जुना मालक फेझिविग याच्या मेजवानीत सारंगीवाला आहे, कारकून क्रॅचिट याच्या घरात लंगडा टायनी टिम बर्फात वाट चुकलेल्या मुलाचे गाणे म्हणतो, भाचेसून हार्पवर एक साधी धून छेडते तेव्हा स्क्रूजचे मन हलते, आणि ओसाड माळावरचे खाणकामगार, समुद्रातल्या दीपगृहाचे राखणदार व जहाजावरचे खलाशी आपापल्या जागी नाताळची जुनी गाणी गुणगुणत असतात. मात्र या सगळ्या सुरांच्या मध्यभागी उभा असलेला माणूस गाण्याचा वैरी आहे. कचेरीच्या दाराशी गाऊ लागलेल्या पोराला तो हातातली पट्टी उगारून पळवून लावतो. संगीतिकेत मुख्य पात्राने गायचे असते आणि येथे मुख्य पात्राचा स्वभावच न गाण्याचा आहे, ही प्रत्येक संगीतकारापुढची पहिली अडचण होय. पहिल्याच प्रवेशात स्क्रूज सुरात गाऊ लागला तर शेवटच्या प्रकरणात पालटण्यासारखे त्याच्यात उरते काय, हा प्रश्न बहुतेकांनी गंभीरपणे घेतलेला नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर ही कथा सचेतनपटासाठीच लिहिल्यासारखी वाटते. गत नाताळच्या आत्म्याचे डिकन्सने केलेले वर्णन रंगभूमीला किंवा कॅमेऱ्याला झेपणारे नाही: तो मूलही आहे आणि म्हाताराही, त्याच्या मस्तकातून प्रकाशाचा झोत निघतो, मेणबत्ती विझवण्याच्या टोपणासारखी टोपी तो काखेत धरतो, आणि त्याची आकृती स्थिर न राहता क्षणात एका हाताची, क्षणात वीस पायांची होते. चित्रकाराला हे सहज साध्य आहे. शिवाय सचेतनपटात संवाद आणि गाणी सहसा आधी ध्वनिमुद्रित होतात व चित्रे मागाहून त्या आवाजाच्या मापाने, सेकंदाला चोवीस चौकटींच्या हिशेबाने, काढली जातात. त्यामुळे सूर आणि हालचाल यांची गाठ येथे जितकी घट्ट बांधता येते तितकी ती जिवंत नटाला क्वचितच बांधता येते. भूत आणि गाणे या दोन्हींवर एवढी हुकमत असलेले माध्यम या कथेला मिळाले, आणि तरीही ही दोन बळे एकत्र आलेली उदाहरणे अगदी थोडी आहेत.

त्यांतले पहिले आणि अजूनही सर्वांत विचारपूर्वक केलेले उदाहरण म्हणजे 'मिस्टर मॅगूज ख्रिसमस कॅरल'. यूपीए या अमेरिकन संस्थेने तयार केलेला, एब लेव्हिटो यांनी दिग्दर्शित केलेला हा सुमारे पन्नास मिनिटांचा कार्यक्रम १८ डिसेंबर १९६२ रोजी एनबीसी वाहिनीवर दाखवला गेला, आणि खास दूरचित्रवाणीसाठी बनलेला नाताळचा पहिला सचेतन कार्यक्रम म्हणून त्याची नोंद होते. यूपीएची शैली मर्यादित सचेतनाची होती, म्हणजे प्रत्येक चौकट नव्याने न काढता थोड्या हालचाली, सपाट रंग आणि ठाशीव रेषा यांवर भिस्त ठेवणारी. खर्च वाचवणारी ही पद्धत येथे शैली म्हणूनही शोभते. गाणी ब्रॉडवेवरच्या ज्यूल स्टाइन आणि बॉब मेरिल या जोडीने याच कार्यक्रमासाठी लिहिली, आणि दोनच वर्षांनी याच जोडीची 'फनी गर्ल' ही संगीतिका ब्रॉडवेवर गाजली. कथेला नाटकाची चौकट दिली आहे: लांबचे न दिसणारा विनोदी म्हातारा मॅगू ब्रॉडवेच्या रंगमंचावर स्क्रूजची भूमिका करतो, अंकांच्या मध्ये पडदा पडतो. या चौकटीमुळे पात्रे का गातात हा प्रश्न विचारण्याची गरजच राहत नाही. मॅगूच्या अधू दृष्टीवरचे नेहमीचे विनोदही नाटकाबाहेर ठेवलेले आहेत, हा संयम त्या काळच्या व्यंगचित्रपटांत दुर्मीळ होता.

या कृतीत त्रुटी नाहीत असे नव्हे. वर्तमान नाताळचा आत्मा येथे गत नाताळच्या आधी येतो, आणि भाचा फ्रेड, ज्याच्या हसऱ्या आमंत्रणाने मूळ कथा सुरू होते, तो गाळला गेला आहे. परंतु रिकाम्या शाळेत एकटा बसलेला लहान स्क्रूज आपल्या एकटेपणाचे गाणे म्हणू लागतो आणि त्याच्याकडे पाहणारा म्हातारा स्क्रूज हळूच त्याला साथ देतो, तो प्रवेश या प्रकारातला सर्वोत्तम म्हणावा लागेल. एकाच माणसाची दोन वये एका चौकटीत एकत्र गातात, ते कृत्रिमही वाटत नाही, आणि न गाणाऱ्या स्क्रूजला गायला लावण्याची अडचणही सुटते, कारण गाणे मुलाचे असते आणि म्हातारा फक्त त्याच्या मागोमाग जातो. मेलेल्या स्क्रूजच्या वस्तू विकणाऱ्या चोरट्यांचे समूहगीतही असेच नेमके आहे: ते आपल्या नीचपणाचाच उत्सव करते, आणि प्रेक्षक हसता हसता अस्वस्थ होतो.

यानंतरची वाट उसन्या गाण्यांची आहे. रँकिन-बास या संस्थेचे 'द स्टिंजिएस्ट मॅन इन टाउन' २३ डिसेंबर १९७८ रोजी एनबीसीवर आले, पण त्याची गाणी फ्रेड स्पीलमन आणि जॅनिस टॉर यांनी १९५६ साली बेसिल रॅथबोन यांना स्क्रूज करून सादर झालेल्या थेट प्रक्षेपित संगीतिकेसाठी लिहिलेली होती. वीस वर्षांपूर्वीच्या, स्टुडिओतल्या जिवंत गायकांसाठी रचलेल्या त्या गाण्यांना चित्रकारांनी नुसती चित्रे पुरवली, आणि कथेचे धागे जोडण्यासाठी निवेदक म्हणून एक टोपीवाला किडा नेमला. वॉल्टर मॅथो यांचा खरखरीत आवाज स्क्रूजला चपखल बसतो, रेखाटनही नीटनेटके आहे. ते टॉपक्राफ्ट या जपानी संस्थेने केले, जिने पुढे १९८४ मध्ये हयाओ मियाझाकींच्या 'नौसिका'चे चित्रण केले. मात्र गाणे सुरू झाले की कथा थांबते, आणि गाणे संपले की ती पुन्हा जिथल्या तिथून सुरू होते.

डिस्नेच्या 'मिकीज ख्रिसमस कॅरल'ची (१९८३) कहाणी उलट्या दिशेची आहे. ती १९७४ च्या एका डिस्ने ध्वनिमुद्रिकेवरून निघाली, जी ॲलन यंग यांनी सहलेखक म्हणून लिहिली होती आणि ज्यात गाणी होती. सव्वीस मिनिटांच्या चित्रपटात ती गळाली आणि शीर्षकगीत तेवढे राहिले. स्क्रूज मॅकडक हे बदक १९४७ साली कार्ल बार्क्स यांनी निर्माण केले तेच डिकन्सच्या कंजुषावरून, म्हणून येथे नामधारक आपल्याच मूळ भूमिकेत परत आला. (दूरदर्शनवर नव्वदच्या दशकात हिंदीतून 'डकटेल्स' पाहिलेल्या मराठी पिढीची स्क्रूजशी ओळख डिकन्सच्या आधी या बदकामुळे झाली असण्याचा संभव मोठा आहे.) गाणी गाळल्याने चित्रपटाचे फारसे बिघडले नाही; बिघडले ते वर्तमान आत्म्याच्या झग्याखाली लपलेली अज्ञान आणि दैन्य ही दोन भेसूर मुले गाळल्याने. १८४३ च्या सप्टेंबरात डिकन्सने लंडनमधली गरीब मुलांची फील्ड लेन शाळा पाहिली होती, त्याआधी बालमजुरीवरचा सरकारी अहवाल वाचून तो हादरला होता, आणि कथेतला राग प्रामुख्याने या दोन मुलांत साठवलेला आहे. कौटुंबिक करमणुकीत त्यांना जागा नसते.

संगीतिका नसलेली एक कृती येथे मोजपट्टी म्हणून घ्यावी लागते. रिचर्ड विल्यम्स यांची १९७१ ची 'अ ख्रिसमस कॅरल', जिचे कार्यकारी निर्माते चक जोन्स होते आणि जिच्यात ॲलिस्टर सिम यांनी स्क्रूजला आवाज दिला, आधी दूरचित्रवाणीवर आणि मग चित्रपटगृहात दाखवली जाऊन ऑस्करची मानकरी ठरली. तिच्यात गत नाताळचा आत्मा अनेक प्रतिमा एकमेकींवर लहरत असल्यासारखा खरोखरच अस्थिर दिसतो, अज्ञान आणि दैन्य ही मुले आहेत, आणि खाणकामगार, दीपगृह व जहाज यांच्यावरून केलेली ती रात्रीची सफरही आहे, जी इतरत्र फारशी आढळत नाही. पंचवीस मिनिटांत विल्यम्स यांनी डिकन्सची भुते चित्रात आणली. संगीतिकाकारांनी त्यांच्याकडून काहीच उचलले नाही.

नव्वदच्या दशकात घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या बाजारासाठी बनलेल्या कृतींत रेंगाळण्याचे कारण नाही. त्यांतल्या १९९७ च्या आवृत्तीत टिम करी यांच्यासारखा जातिवंत रंगमंचीय गायक स्क्रूज आहे, तरी गाणी विसरण्याजोगी आहेत, आणि या स्क्रूजला डेबिट नावाचा कुत्रा दिलेला आहे. पंचवीस वर्षांनी नेटफ्लिक्सच्या स्क्रूजलाही प्रूडन्स नावाची कुत्री मिळाली. एकट्या माणसाला बोलायला कोणीतरी हवे या पटकथेच्या सोयीपोटी आलेले हे प्राणी स्क्रूजचे एकटेपणच खोटे ठरवतात. पुस्तकात तर आंधळ्यांची कुत्रीही त्याला येताना पाहून आपल्या धन्याला आडोशाला ओढून नेतात.

नेटफ्लिक्सचा 'स्क्रूज: अ ख्रिसमस कॅरल' (२०२२) हा स्टीफन डॉनेली यांनी दिग्दर्शित केलेला संगणकचित्रपट या प्रकाराची आजची अवस्था स्पष्ट दाखवतो. त्याची बरीच गाणी लेस्ली ब्रिकस यांची आहेत, जी त्यांनी १९७० च्या 'स्क्रूज' या जिवंत नटांच्या चित्रपटासाठी लिहिली, १९९२ मध्ये रंगमंचावर नेली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्या निधनानंतर या तिसऱ्या माध्यमात पोहोचली. गाण्यांबरोबर कथेचे बदलही आले: पुस्तकातली स्क्रूजची जुनी प्रेयसी बेल येथे १९७० प्रमाणेच फेझिविगची मुलगी इझाबेल आहे. ल्यूक इव्हान्स यांचा तरुणसर, गोड गळ्याचा स्क्रूज आरंभापासून इतक्या सहजतेने गातो की त्याच्या मनाचा कोरडेपणा ऐकणाऱ्याला पटत नाही. मेणाच्या मेणबत्तीसारखा, आकार बदलणारा गत आत्मा ही कल्पना चांगली आहे आणि ऑलिव्हिया कोलमन यांचा आवाज तिला खट्याळपणा देतो, परंतु गाण्याच्या वेळी पडदा रंगांच्या आतषबाजीने भरून जातो आणि आत्म्याचे ते अस्थिर शरीर सुरांशी काही बोलत नाही.

ब्रिकस यांच्या कसबाबद्दल शंका नाही. १९७० च्या चित्रपटात स्क्रूजच्या शवपेटीवर नाचत लोक त्याचे आभार मानतात आणि आपण मेलो हे न कळलेला स्क्रूज त्या आभारगीताला आपला सत्कार समजून त्यात सामील होतो, तेव्हा प्रेक्षक एक गाणे ऐकतो आणि नायक दुसरेच. ऑस्करसाठी नामांकन मिळालेले हे गीत नाट्यगीताचा नमुना आहे. पण ते अल्बर्ट फिनी यांच्या देहबोलीसाठी आणि लंडनच्या रस्त्यावरच्या खऱ्या गर्दीसाठी रचलेले होते, आणि चित्रकाराच्या हाती येईतो त्याची प्रत्येक जागा आधीच ठरून गेलेली होती. निर्मात्याच्या दृष्टीने ओळखीची गाणी हा विमा असतो, हे समजण्यासारखे आहे, पण विमा उतरवून कोणती कला वाढली आहे?

तुलनेसाठी बाहुल्यांच्या 'द मपेट ख्रिसमस कॅरल'चे (१९९२) उदाहरण उपयोगी पडते. पॉल विल्यम्स यांनी त्याची गाणी त्या बाहुल्यांसाठीच लिहिली, स्क्रूजविषयीचे आरंभीचे गाणे स्क्रूजच्या नव्हे तर रस्त्यावरच्या लोकांच्या तोंडी दिले, आणि मायकेल केन यांच्या स्क्रूजला हृदयपालट झाल्यावरच मोकळेपणे गायला लावले. बेलचे विरहगीत चित्रपटगृहातल्या आवृत्तीतून काढले गेले होते. ते २०२२ च्या डिसेंबरात, नेटफ्लिक्सचा चित्रपट आला त्याच महिन्यात, डिस्ने प्लसवर पुन्हा जोडले गेले. मॅगूनंतर न गाणाऱ्या नायकाचा प्रश्न इतक्या नीट सोडवलेला दुसरा चित्रपट नाही, आणि तो सचेतनपटांच्या बाहेरचा असावा हे या प्रकाराच्या चाहत्यांना बोचणारे आहे.

तिसरा आत्मा पुस्तकात एक शब्दही बोलत नाही, फक्त बोट दाखवतो, आणि संगीतिकांनी ती शांतता नेहमी इतरांच्या गाण्यांनी भरली: मॅगूत चोरट्यांच्या, ब्रिकसकडे शवयात्रेच्या. दोन्ही उपाय चांगले आहेत, कारण त्यांत आत्म्याचे मौन तसेच राहते. खाणकामगारांपासून दीपगृहापर्यंत आणि तिथून खवळलेल्या समुद्रातल्या जहाजापर्यंत एकच सूर माणसामाणसांतून फिरत जातो तो प्रसंग मात्र, ज्यात स्क्रूजला गायची गरज नाही, आत्म्याला उडता येते आणि गाणे डिकन्सनेच पात्रांच्या ओठी ठेवलेले आहे, आजवरच्या कोणत्याही प्रमुख सचेतन संगीतिकेचा मध्यबिंदू झालेला नाही. त्यासाठी आधी कोणीतरी संगीतकाराला आणि चित्रकाराला पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी बसवावे लागेल, जसे १९६२ मध्ये यूपीएने बसवले होते.