दोन चित्रांमधील अंतर : उपयोजित कलेचा विद्यार्थी आणि हस्तरेखित ॲनिमेशन

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याची दृष्टी एका पूर्ण चित्रावर घडविली जाते. भित्तिपत्रक असो, पुस्तकाचे वेष्टन असो अथवा बोधचिन्ह असो, सांगावयाचे ते एकाच दृष्टिक्षेपात सांगून व्हावे ही तेथील कसोटी. हाच विद्यार्थी हस्तरेखित ॲनिमेशनचा लघुपट करावयास बसला म्हणजे त्याचे कमावलेले कौशल्यच त्याच्या आड येऊ लागते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या गतीने चालतो. एकेक चित्र दोन चौकटी टिकते असे रूढ प्रमाण धरले, तरी सेकंदाला १२ म्हणजे मिनिटाला ७२० चित्रे लागतात. त्यांतील बहुतेक चित्रे सेकंदाच्या बाराव्या हिश्शापुरतीच डोळ्यांसमोर राहतात. अशा कृतीचे मूल्यमापन चित्रांच्या गुणावरून करावयाचे काय, आणि तसे नसेल तर कशावरून, हा प्रश्न अध्यापनाइतकाच समीक्षेचाही आहे.

या प्रश्नाच्या उलगड्यास उपयोगी पडेल अशी मांडणी बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात आढळते. प्रत्येक कलेचे माध्यम आधी निश्चित करावे आणि त्या माध्यमाच्या घटकांत संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांनी सिद्ध होणाऱ्या लयीत सौंदर्य शोधावे, असा त्या विचाराचा रोख आहे. रेषा व रंग हेच ॲनिमेशनचे माध्यम मानले, तर ते चित्रकलेची एक दुय्यम शाखा ठरेल. परंतु कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात दीर्घकाळ काम केलेले नॉर्मन मॅक्लारेन यांची भूमिका याहून वेगळी होती. चौकटीवर काय आहे यापेक्षा दोन चौकटींच्या दरम्यान काय घडते, याला ते अधिक महत्त्व देत. ही भूमिका मर्ढेकरांच्या परिभाषेत आणली, तर लागोपाठच्या दोन चित्रांतील अंतर हेच या कलेचे माध्यम ठरते. चित्रे ही त्या अंतराची केवळ टोके होत.

विद्यार्थ्याचा पहिलाच पाठ याची साक्ष देतो. हा पाठ उसळत्या चेंडूचा असतो. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या मेजावर, खुंट्यांत अडकविलेल्या कागदांवर, एकाखाली एक दिसणाऱ्या आकृत्या पाहत तो चेंडू काढीत जातो. नवशिका विद्यार्थी वर्तुळे सुबक काढतो आणि ती समान अंतरावर मांडतो. भित्तिपत्रकाच्या रचनेत जी नियमितता शोभली असती, ती येथे घातक ठरते : पडद्यावर चेंडू पडत नाही, दोरीने ओढल्यासारखा सरकतो. वर पोहोचताना आकृत्या दाट व्हाव्या लागतात, खाली येताना विरळ. वेगात चेंडू किंचित लांबट आणि जमिनीला टेकताना चपटा करावा लागतो, पण त्याचे आकारमान मात्र घटलेले भासता कामा नये. दाट आणि विरळ यांचा विरोध, चढ आणि उतार यांचा समतोल व प्रत्येक उसळीतील उणे होत जाणारा संवाद अशी मर्ढेकरांची तिन्ही तत्त्वे या क्षुल्लक पाठात एकत्र भेटतात.

पुढचा पाठ मान वळविण्याचा. डावीकडे पाहणारा चेहरा आणि उजवीकडे पाहणारा चेहरा ही मुख्य चित्रे विद्यार्थी जीव ओतून काढतो, आणि मधली चित्रे दोहोंच्या बरोबर मध्यावर यांत्रिकपणे बसवितो. परिणामी चेहरा वळण्याऐवजी सपाट पत्र्यासारखा घसरतो. वळताना मान थोडी खाली झुकते, नाकाचा शेंडा कमानीच्या मार्गाने जातो, पापण्या मध्येच मिटतात. हे सारे ज्या चित्रात आणावयाचे ते मधले चित्र वेगळे काढून पाहिले तर बहुधा कुरूप असते. उलट एखादे मधले चित्र अधिक देखणे, अधिक तपशीलवार झाले, तर गतीत तेच डोळ्यांना खुपते. आपले उत्तम चित्र कृतीला बाधक ठरू शकते, हा अनुभव उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याला सर्वांत जड जातो, आणि त्याच्या शिक्षणाचा खरा आरंभही तेथेच होतो.

चौकटींमधील अंतराची ही जाणीव भारतीय चित्रपटाच्या उगमाशीच दिसते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटापूर्वी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. रुजणाऱ्या वाटाण्याचे चित्रण त्यांनी ठरावीक अवधीने एकेक चौकट घेऊन केले. तेथे मधली चित्रे निसर्गाने पुरविली. फाळके यांनी निवडले ते केवळ अंतर. हस्तरेखित ॲनिमेशनमध्ये ती निवड आणि निसर्गाचे काम ही दोन्ही ओझी एकाच हातावर येतात.

ही विद्या मुंबईत ज्या मार्गाने रुजली, त्यातील एक दुवा क्लेअर वीक्स हे होत. डिस्ने संस्थेत काम केलेल्या या कलावंताने १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात तरुण कलावंतांना शिकविले. राम मोहन हे त्यांपैकी एक. पुढे सर जे. जे. उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडलेल्या गीतांजली राव यांनी राम मोहन यांच्या स्टुडिओत हे तंत्र आत्मसात केले. त्यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा सुमारे पंधरा मिनिटांचा लघुपट २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक-सप्ताहात गौरविला गेला. एकाकी वृद्धा, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरील चित्रांचा संग्रह एवढीच त्याची सामग्री. काडेपेटीवरचे चित्र म्हणजे उपयोजित कलेचे सर्वांत लहान भित्तिपत्रक : एक चौकट, एक आशय, एक दृष्टिक्षेप. ते छापील, थिजलेले चित्र वृद्धेसाठी दार होते आणि तिच्या करड्या दिनक्रमातून तिला रंगांच्या सृष्टीत नेते. एकाच चित्रावर घडलेली दृष्टी गतीकडे कशी वळते, याचे रूपक म्हणूनही ही कृती वाचता येते. तिच्यातील रंगांचे कौतुक होणे स्वाभाविकच; तथापि त्या रंगांना किंमत येते ती घरातील मंद हालचालींमुळे. तो विरोध नसता, तर रंग शोभेपुरते उरले असते.

येथे मात्र मर्ढेकरांच्या विचाराची मर्यादाही ध्यानात येते. अंतरांची लय शुद्ध संवेदनांची असती, तर वृद्धेची चाल आणि चेंडूची उसळी यांत केवळ प्रमाणाचा भेद उरला असता. प्रत्यक्षात आकृत्या दाट झाल्या की प्रेक्षकाला भार जाणवतो, थकवा वा संकोच जाणवतो. ही जाणीव लौकिक अनुभवातून येते. ज्याने भरलेली बादली उचललेली नाही, त्याला ते वजन काढताही येणार नाही आणि ओळखताही येणार नाही. म्हणून या कलेतील लय अर्थापासून अलग करता येत नाही. अंतराच्या मापातच अर्थ वसलेला असतो.

संगणक आता मधली चित्रे स्वतः पुरवू शकतो, तेव्हा हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप संभवतो. परंतु यंत्र दोन टोकांमधील जागा भरून देते. ती कोठे दाट आणि कोठे विरळ असावी, हा निर्णय कोणाला तरी घ्यावाच लागतो. तो घेण्याची पात्रता हाताने शेकडो कागद चाळल्यावाचून क्वचितच येते.

सारांश, विद्यार्थ्याच्या लघुपटाचे परीक्षण भिंतीवर लावलेल्या निवडक चित्रांवरून होऊ नये, आणि केवळ कथेवरूनही होऊ नये. पेन्सिलीच्या कच्च्या रेषांत चित्रित केलेली चाचणी परीक्षकाने पुन्हा पुन्हा पाहावी. रंग, पार्श्वभूमी व संगीत यांच्या आधाराविना जी आकृती आपले वजन पेलते आणि क्षणभर थबकून विचार करते असे वाटते, तिच्या कर्त्याला हे माध्यम गवसले असे समजावे, मग त्याची रेषा कितीही ओबडधोबड असो.