‘साइन’चा घोळ

‘साइन’ या शब्दाची गोष्ट आपण ऐकली असेल. संस्कृतात ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी ‘जीवा’चं ‘जीब’ केलं. त्या लिपीत हा शब्द ‘जैब’ असाही वाचता येतो, आणि जैब म्हणजे वस्त्राचा घोळ. बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरकारांनी त्याला ‘सायनस’ म्हटलं. अर्थ तोच, घोळ! श्रोते हसतात, व्याख्यान संपतं.

आमची हरकत या शेवटाला आहे. चूक झाली ती शब्द वाचण्यात, गणितात नव्हे. कोष्टकातला एक आकडासुद्धा त्यामुळे बदलला नाही. संज्ञेचा अर्थ व्युत्पत्तीत नसतो, व्याख्येत आणि वापरात असतो. ‘सायनस’ वाचून कुणी कपडा मोजायला बसलं नाही.

या गोष्टीत खरा इतिहास मात्र राहून जातो. दुसऱ्या शतकात टॉलेमीनं कोष्टक केलं ते पूर्ण जीवांचं. इ.स. 499च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त मात्र अर्धी जीवा आहे. मूळ शब्द ‘अर्धज्या’; वापरता वापरता ‘अर्ध’ गळलं. जीवा निम्मी केली की काटकोन त्रिकोण हाती येतो, हे खरं पाऊल. पण तिथेही ज्या ही लांबीच आहे: त्रिज्या 3438 कला, तर 30 अंशांची ज्या 1719. ऑयलरनं 1748च्या ग्रंथात त्रिज्या 1 धरली, तेव्हा ती शुद्ध संख्या झाली. म्हणून ‘साइन मुळात आमचाच’ एवढं म्हणून थांबणंही उतावळेपणाचं. शब्द प्रवासाला निघाला, तसा त्यामागचा विचारही बदलत गेला.

आता आपल्या वर्गात डोकावू. मराठी मुलं वर्तुळाच्या धड्यात ‘जीवा’ शिकतात, त्रिकोणमितीत ‘साइन’. ही एकाच शब्दाची दोन रूपं, हे त्यांना कुणी सांगत नाही. साइन 30 म्हणजे 1/2, करा पाठ! का, ते विचारायची सोय नाही.

फळ्यावर वर्तुळ काढा. केंद्राशी 60 अंशांचा कोन करणारी जीवा काढा. त्रिकोण समभुज होतो, म्हणजे जीवा त्रिज्येएवढी. आता कोन निम्मा करा, जीवाही निम्मी होईल. तीस अंश, अर्धी त्रिज्या. एवढं दाखवायला पाच मिनिटं पुरतात. ती आम्हीही आमच्या शाळेत कधी मिळालेली आठवत नाहीत.