एक नमुना, एक संगणक, आणि निगडीचे २७ सर्व्हर

रॅन्समवेअरवर सिनॉप्सिस लिहायला घेतलीत की ‘कटिंग द गॉर्डियन नॉट’ हा २०१५ चा पेपर समोर येणारच. अमीन खराझ आणि सहकाऱ्यांनी २००६ ते २०१४ मधले, १५ फॅमिलींचे १,३५९ नमुने तपासले. निष्कर्ष धीट आहे: बहुतेकांचा आव मोठा, करामत तोकडी, फाइल सिस्टिमवर नीट नजर ठेवली तर तरबेज नमुनेही अडवता येतात. कारण साधं आहे. फाइली कुलूपबंद करायच्या म्हणजे थोड्या वेळात ढीगभर फाइली वाचाव्या, बदलाव्या, पुसाव्या लागतात. ही धावपळ लपत नाही. निरीक्षण आजही पक्कं आहे.

पण हा पेपर बघतो एक नमुना, एक संगणक. आता आपल्या शहरात या. दापोडीहून जुन्या हायवेने सरळ गेलं की शेवटी निगडी. फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाचे २७ सर्व्हर रॅन्समवेअरने बाधित झाले, बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली आणि निगडी पोलिसांत तक्रार झाली. इथे तुमचा प्रश्न बदलायला हवा. एका मशीनवर घंटा वाजेलही, पण सत्ताविसापर्यंत कुणी पोचतं कसं? अशा हल्ल्यांत ॲडमिनचा पासवर्ड हाती लागलेला माणूस आधी पहारेकरी सॉफ्टवेअर बंद करतो, मग बॅकअप पुसतो. एनक्रिप्शन सगळ्यात शेवटी. पेपरच्या प्रयोगात हा माणूसच नाही. (२०१७ च्या वॉनाक्रायला तर माणूसही लागला नाही. ते नेटवर्कवरून आपणच पसरलं, आणि त्याचा पॅच दोन महिने आधी आलेला होता.)

निगडीच्या बातम्यांतला ५ कोटींचा आकडाही जपून वापरा. तो तक्रारीतला अंदाज आहे. त्यात मशीन किती, बंद पडलेली सेवा किती, ही फोड मिळाल्याशिवाय तो तुमच्या तक्त्यात ‘हल्ल्याची किंमत’ म्हणून बसवू नका. गाइड विचारतीलच.

मग मोजायचं काय? माझ्या मते, ‘किती टक्के नमुने पकडले’ यापेक्षा ‘किती तासांत सेवा परत उभी राहिली’ हे. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली होती का? ती शेवटची कधी खरोखर रिस्टोर करून पाहिली? लॅबमध्ये चार व्हर्च्युअल मशीन, एक सामाईक ॲडमिन खातं आणि एक घड्याळ एवढ्यावर पहिला प्रयोग होतो. मात्र व्हर्च्युअल नेटवर्क कॉलेजच्या नेटवर्कपासून पूर्ण तोडा, आणि खऱ्या नमुन्याऐवजी आधी फाइलींची नावं बदलणारी साधी स्क्रिप्ट चालवा.